भिकाऱ्याचे भांडे आणि जुलमी राजा

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त कोंढा येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता. विषय : रूपककथांतील जुलमी सत्ताधीश – लोभ आणि भय)



दिवाळी सरते, धानाची कापणी उरकत येते आणि गावोगावच्या मंडया भरू लागतात. मग झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. कोंढा आणि परिसरातील आबालवृद्ध थंडीत चादरी पांघरून मंडपात बसतात आणि पहाट फुटेपर्यंत नाटक पाहतात. या नाटकांत एक पात्र बहुधा ठरलेले असते. कधी तो गावचा पाटील असतो, कधी सावकार, कधी पुढारी. त्याचा प्रवेश होताच वाद्यांचा सूर बदलतो आणि लहान मुले आईच्या पदराआड होतात. शेवटच्या अंकात त्याला शासन होते, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि मंडळी घरोघर परततात. टाळ्या वाजविणाऱ्यांत पेढीवर बसणारेही असतात. रंगमंचावरील त्या सावकाराशी आपले काही नाते असेल, अशी शंका त्यांना शिवत नाही.

एक प्रश्न मात्र या जागरणात विचारावयाचा राहून जातो. ज्याच्यापाशी वाडा आहे, जमीन आहे, नोकरचाकर आहेत, ज्याचा शब्द खाली पडत नाही, असा मनुष्य एवढा क्रूर का होतो? पोट भरलेला वाघ शिकार करीत नाही म्हणतात. मग भरल्या पोटाचा सत्ताधीश थांबत का नाही? नाटकात त्याचे उत्तर मिळत नाही, कारण तेथे दुष्ट हा दुष्टच असतो. उत्तर शोधावयाचे तर रूपककथांकडे वळावे लागते.

मनातील विकारांना नावगाव, घरदार आणि नातीगोती देऊन रचलेली, अथवा चालू काळातील सत्तेला पुराणाचा किंवा पशुपक्ष्यांचा वेष चढवून सांगितलेली गोष्ट म्हणजे रूपककथा. मराठीत वि. स. खांडेकरांनी हा प्रकार लोकप्रिय केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु जैन आचार्यांनी अकराशे वर्षांपूर्वी या प्रकारात जे काम करून ठेवले, त्याची ओळख जैन घरांतही फारशी राहिलेली नाही, ही खेदाची गोष्ट होय. ग्रंथ कपाटात असतात, ज्ञानपंचमीला त्यांची पूजाही होते, आणि पुन्हा ते कपाटातच जातात.

विक्रम संवत ९६२ मध्ये, म्हणजे इसवी सन ९०६ मध्ये, ज्येष्ठ शुद्ध पंचमीस राजस्थानातील भिन्नमाल नगरीत सिद्धर्षी गणींनी 'उपमितिभवप्रपंचा कथा' हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. आठ प्रस्तावांचा हा प्रचंड ग्रंथ आहे. हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने भारतीय साहित्यातील पहिली रूपकात्मक कथा म्हणून त्याचा गौरव केला. या ग्रंथाच्या आरंभी निष्पुण्यक नावाच्या एका भिकाऱ्याची गोष्ट येते. आजच्या विषयाचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

निष्पुण्यक रोगाने जर्जर झालेला आहे. अंगावर चिंध्या आहेत आणि हातात मातीचे फुटके भांडे आहे. दारोदार हिंडून मिळविलेले शिळे, नासके अन्न त्या भांड्यात आहे. ते खाऊन त्याचा रोग वाढतो, तरी भूक शमत नाही. येथपर्यंत हा केवळ दयेचा विषय वाटतो. सिद्धर्षींची दृष्टी याच्या पुढे जाते. या दरिद्री माणसाला अष्टौप्रहर एकच धास्ती असते, की आपले हे अन्न कोणीतरी हिरावून नेईल. समोरून कोणी आला की तो भांडे छातीशी धरतो. पुढे सुस्थित राजाच्या प्रासादात त्याला प्रवेश मिळतो. तेथील पाकशाळेचा अधिकारी धर्मबोधकर त्याला बोलावतो आणि उत्तम पथ्यकर अन्न देऊ करतो. त्या क्षणी निष्पुण्यकाच्या मनात कृतज्ञता येत नाही, संशय येतो. हा मला आत कशासाठी बोलावतो आहे? माझे भांडे बळकावण्याचा तर याचा डाव नसेल?

या भिकाऱ्याच्या अंगावर राजवस्त्रे चढवावीत, भांड्याच्या जागी राज्य ठेवावे, म्हणजे जगातल्या कोणत्याही जुलमी सत्ताधीशाचे चित्र तयार होते. हातात असलेले पुरत नाही, हा त्याचा लोभ. असलेले जाईल, हे त्याचे भय. पदार्थ एकच, पुढून पाहिले तर लोभ दिसतो आणि मागून पाहिले तर भय. फरक इतकाच, की भिकारी घाबरला तर भांडे छातीशी धरतो आणि राजा घाबरला तर माणसे मारतो.

याच ग्रंथात पुढे महामोह राजाच्या दरबाराचे वर्णन येते. चित्तवृत्ती नावाच्या महाअरण्यात, प्रमत्तता नदीच्या बेटावर, चित्तविक्षेप नामक मंडप उभा आहे. त्या मंडपात तृष्णा नावाचा ओटा आहे आणि त्या ओट्यावर विपर्यास नावाचे सिंहासन मांडलेले आहे. विपर्यास म्हणजे उलटे ज्ञान, आहे ते नाही आणि नाही ते आहे असे भासणे. सिंहासन तृष्णेच्या ओट्यावर उभे आहे, ही रचना सहज म्हणून केलेली नाही. ओटा हलला तर सिंहासन कोसळेल, आणि म्हणून राजाला तृष्णा तृप्त झालेली परवडतच नाही. रागकेसरी आणि द्वेषगजेंद्र हे त्याचे पुत्र. भय हा त्याच्या परिवारातलाच एक सेवक. ज्याला लोक राजाचे शस्त्र समजतात, ते भय त्याच्याच घरी राहते आणि त्याच्याच पंक्तीला जेवते.

शास्त्रात या दोहोंचा हिशेब फार बारकाईने मांडलेला आहे. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय, हे पाठशाळेतील मुलेही सांगतील. भय मात्र कषायांत नाही. ते हास्य, रती, अरती, शोक, जुगुप्सा यांच्यासमवेत नोकषायांत मोडते. नोकषाय म्हणजे कषायाच्या आश्रयाने राहणारा, त्याचा सोबती. गुणस्थानांच्या पायऱ्या चढताना भयाचा उदय आठव्या गुणस्थानाच्या शेवटी थांबतो. क्रोध, मान, माया नवव्यात सुटतात. सूक्ष्म लोभ मात्र दहाव्या गुणस्थानापर्यंत टिकून राहतो, आणि त्या पायरीचे नावच सूक्ष्मसांपराय असे आहे. जो मुनी तेथवर पोहोचला त्याचीही ही अवस्था, तर सिंहासनावर बसलेल्याची काय कथा! शत्रू संपले, विरोधक तुरुंगात गेले, आता भिण्याचे कारण उरले नाही, तरी जुलमी राजा थांबत नाही, याचा उलगडा या क्रमात आहे. भय गेले तरी लोभ मागे उरतो, आणि उरलेला लोभ नवे भय प्रसवतो.

भयाचेही प्रकार आहेत. स्थानांगसूत्रात सात भये सांगितली आहेत. त्यांत एक आदानभय, म्हणजे आपली वस्तू कोणी घेऊन जाईल हे भय. दुसरे अश्लोकभय, म्हणजे अपकीर्तीचे भय. या दोन नावांची आठवण ठेवावी. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

व्यापाऱ्यांच्या समाजासमोर बोलताना एका व्यापाऱ्याचे उदाहरण टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उद्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये जालोर येथे प्राकृत 'कुवलयमाला' पूर्ण केली. तीत पाच विकारांच्या पाच माणसांच्या कथा आहेत आणि लोभाच्या वाट्याला आलेला लोभदेव हा वाणी आहे. तो तक्षशिलेच्या प्रदेशातून सोपाऱ्याला येतो. सोपारा म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा, त्या काळचे नामांकित बंदर. तेथे देशोदेशीचे व्यापारी एकत्र बसून आपापल्या सफरींच्या हकिकती सांगतात, हे वर्णन वाचताना एखाद्या जुन्या पेढीवरील संध्याकाळची आठवण व्हावी. भद्रश्रेष्ठी या अनुभवी व्यापाऱ्याला भागीदार करून लोभदेव रत्नद्वीपाला जातो, अमाप कमावतो, आणि परतताना वाटणी नको म्हणून त्याच भागीदाराला समुद्रात ढकलून देतो. भद्रश्रेष्ठी राक्षसाच्या योनीत जन्मतो आणि ते जहाज बुडवितो. कमाईत अर्धा हिस्सा द्यावा लागला असता, एवढेच लोभदेवाचे नुकसान होणार होते. ते टाळण्यासाठी सारेच गेले.

एका भागीदाराशी लोभदेव जसा वागला तसा जेव्हा राजा साऱ्या प्रजेशी वागतो, तेव्हा त्याला जुलूम म्हणतात. हा जुलूम कायद्याच्या रूपात कसा येतो, हे पाहण्यासाठी गुजरातकडे जावे लागेल.

'मोहराजपराजय' हे पाच अंकी संस्कृत नाटक यशःपाल या मोढ वणिक कुळातील कवीने लिहिले. हा कवी चालुक्य राजा अजयपालाच्या पदरी होता, म्हणजे नाटकाचा काळ साधारणपणे ११७३ ते ११७६ असा येतो. थरादच्या कुमारविहारात भगवान महावीरांच्या उत्सवप्रसंगी ते सादर झाले. नायक आहे अजयपालाच्या आधीचा राजा कुमारपाल, कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचा शिष्य. प्रतिनायक आहे मोहराज. मोहाने माणसाच्या मनोवृत्तीच्या नगराला वेढा घालून ते जिंकले आहे आणि तेथील राजा विवेकचंद्र आपली पत्नी शांती आणि कन्या कृपासुंदरी यांच्यासह परागंदा झाला आहे. जुलमी सत्ता आली की सर्वप्रथम विवेकाला नगर सोडावे लागते, हे कवीने एका वाक्याचाही उपदेश न करता दाखविले.

कुमारपालाला कृपासुंदरीशी विवाह करावयाचा आहे, पण त्याला अटी आहेत. एक अट सात व्यसनांच्या हद्दपारीची. दुसरी अट आजच्या श्रोत्यांनी नीट ऐकावी. त्या काळी कोणी पुरुष पुत्राविना मरण पावला तर त्याची संपत्ती राजकोषात जमा होत असे. मागे राहिलेल्या स्त्रियांचे रडणे थांबण्यापूर्वीच राजाची माणसे मोजदादीला दारात उभी राहत. जनमानसात या धनाला रडणारीचे धन असे नाव होते. हा कायदा मोडावा, ही दुसरी अट.

मग नाटकात तो प्रसंग येतो. कुबेर नावाचा कोट्यधीश व्यापारी समुद्रात बुडाल्याची वार्ता नगरात येते. त्याला मूलबाळ नाही. ही वार्ता राजाकडे कोण घेऊन येतो? कुबेराचेच व्यवसायबंधू. अधिकारी पाठवून मालमत्ता ताब्यात घ्यावी म्हणजे पुढील क्रियाकर्म करता येईल, अशी विनंती ते करतात. हे लोक दुष्ट नाहीत. कुबेराशी त्यांचे वैरही नाही. त्यांना भीती आहे, की वेळेत कळविले नाही तर आपल्यावर बालंट येईल. जुलमी कायदा चालवायला राजाला फार शिपाई लागत नाहीत. घाबरलेले सज्जन पुरतात. रूपककथांनी सत्ताधीशाच्या मनाचा शोध घेतला हे खरेच, पण या नाटकाने आपल्याच जातीच्या, व्यापारी महाजनांच्या मनातील भयावरही बोट ठेवले, आणि तेही व्यापारी कुळातील कवीने. हे धाडस लहान नव्हे.

कुमारपाल स्वतः कुबेराच्या घरी जातो. तेथील वैभव पाहतो. ते सारे एका शब्दात त्याचे होणार आहे. कायदा त्याच्या बाजूला आहे, परंपरा त्याच्या बाजूला आहे. आणि आतून कुबेराच्या मातेचा आक्रोश ऐकू येतो. राजा ते धन घेत नाही, आणि तो कायदाच कायमचा रद्द करतो. पुढे कुबेर जिवंत परततो, हा नाटकाचा गोड भाग झाला. खरी कसोटी त्याआधी उंबरठ्यावर होऊन गेलेली असते.

व्यसनांच्या हद्दपारीचा प्रसंगही मार्मिक आहे. द्यूत, मद्य, मांस, हिंसा वगैरे मंडळी राजासमोर येऊन बाजू मांडतात. आधीच्या राजांनी आम्हाला कधी हाकलले नाही, हा त्यांचा एक मुद्दा. आमच्यामुळे राज्याला उत्पन्न मिळते, हा दुसरा. साडेआठशे वर्षे उलटली तरी हा दुसरा मुद्दा जसाच्या तसा ऐकू येतो. फक्त त्याला आता महसूल म्हणतात.

येथे कुमारपालाच्या पूर्वायुष्याकडे थोडे वळावेसे वाटते, कारण भयाचा धडा त्याने पुस्तकात शिकलेला नव्हता. त्याच्या आधीचा राजा सिद्धराज जयसिंह पराक्रमी होता, पण निपुत्रिक होता. आपल्यानंतर गादी कुमारपालाकडे जाणार, हे त्याला सहन होईना आणि त्याने त्याच्या जिवावर माणसे सोडली, असे जैन प्रबंध सांगतात. कुमारपाल वेषांतर करून वर्षानुवर्षे रानोमाळ हिंडला. एकदा तर हेमचंद्राचार्यांनी त्याला ताडपत्री पोथ्यांच्या ढिगाखाली लपवून वाचविले, अशी कथा आहे. ११४३ मध्ये तो गादीवर आला. एका थोर राजाचे भय त्याने आपल्या पाठीवर सोसले होते. नाटकातील युद्धप्रसंगी हेमचंद्राचार्यांचे 'योगशास्त्र' हेच त्याचे कवच होते, ही कविकल्पना या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे अधिक अर्थपूर्ण वाटते.

आणि ज्याच्या पदरी राहून यशःपालाने हे सारे लिहिले त्या अजयपालाचे काय झाले? जैन प्रबंधांत त्याची प्रतिमा कठोर आणि धर्मद्वेष्ट्या राजाची आहे. इतिहासकार त्यातील सगळेच मान्य करीत नाहीत. 'प्रबंधचिंतामणी'त मात्र असे सांगितले आहे, की त्याचा अंत त्याच्याच द्वाररक्षकाच्या हातून झाला. भयापोटी दाराशी उभा केलेला मनुष्यच आत शिरला.

आता महाराष्ट्राकडे यावे. मराठी रंगभूमीवरील सर्वांत गाजलेले राजकीय रूपक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०७ मधील 'कीचकवध'. खाडिलकर हे लोकमान्यांचे 'केसरी'तील सहकारी. नाटकातील कथा विराटपर्वातील, पण कीचकाच्या उद्दाम बोलण्यात प्रेक्षकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत हिंदभूमी दिसली, संयम शिकविणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. १९०५ ची बंगालची फाळणी ताजी होती. सांगावयाचे काही उरले नव्हते, तरी नाटकात सरकारविरुद्ध एक शब्दही उघड नव्हता.

कीचकाचा लोभ सर्वांना दिसतो. तो परस्त्रीवर डोळा ठेवतो आणि तिला सत्तेच्या बळावर मागतो. परंतु लक्ष द्यावे ते विराट राजाकडे. राज्य विराटाचे, कीचक त्याचा मेहुणा आणि सेनापती. अन्याय होतो आहे हे विराटाला समजते. तो बोलत नाही, कारण हा सेनापती रुसला तर आपले राज्य राखणार कोण? राज्य हातचे जाऊ नये हा विराटाचा लोभ, ते जाईल हे त्याचे आदानभय, आणि या दोहोंच्या खांद्यावर कीचक उभा आहे. सिंहासनावर बसलेला भित्रा आणि सिंहासनाशेजारी उभा असलेला लोभी, अशी ही जोडी इतिहासात पुष्कळदा दिसते.

१९१० च्या जानेवारीत सरकारने या नाटकावर बंदी घातली. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे सांगितले जाई, ते साम्राज्य रंगविलेल्या पडद्यासमोरच्या एका नाटकाला भ्याले. रूपक खरे ठरल्याची याहून मोठी पावती खाडिलकरांना मिळाली नसती.

पुढे १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' आले. त्यावर वादंग पुष्कळ झाले. नाना फडणविसांसारख्या मुत्सद्द्याचे ते चित्र अनेकांना अन्यायाचे वाटले आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी सोडून देण्याजोगे नाही. येथे प्रस्तुत आहे ती केवळ त्याची रचना. नाटकातील नाना आपल्या लालसेपायी घाशीरामाला कोतवाली देतो, आणि संतप्त जमाव दाराशी येताच भयापोटी त्याच घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो. लोभाने जुलमी निर्माण केला आणि भयाने त्याचा बळी दिला; देणारा मात्र आपल्या जागी राहिला.

परदेशी वाङ्मयात या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे जॉर्ज ऑर्वेल यांचे ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'ॲनिमल फार्म'. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला. त्यांचे वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. रशियातील क्रांती आणि स्टालिनची राजवट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली ही प्राण्यांची गोष्ट पंचतंत्रावर वाढलेल्या भारतीय वाचकाला परकी वाटत नाही. शेतावरचे प्राणी जुलमी मालकाला हाकलून देतात, सर्व प्राणी समान असा नियम करतात, आणि हळूहळू नेपोलियन नावाचे डुक्कर नवा मालक होऊन बसते.

या अधःपाताची सुरुवात कोठे होते, हे पाहण्यासारखे आहे. कत्तलीने होत नाही. दूध आणि सफरचंदे यांनी होते. पहिल्याच दिवशी गाईंचे दूध कोठे गेले, हे कोणी विचारत नाही. मग कळते, की ते डुकरांच्या खाण्यात जाते, आणि सफरचंदेही तिकडेच जातात. डुकरांना डोक्याचे काम असते, त्यांची प्रकृती सांभाळणे सर्वांच्या हिताचे आहे, असा खुलासा होतो. खुलासा न पटल्यास जुना मालक परत येईल, ही भीती घातली जाते. एका हाताने लोभ पदार्थ उचलतो आणि दुसऱ्या हाताने भय तोंड बंद करते. त्याच काळात नेपोलियनने कुत्र्यांची नऊ पिल्ले आईपासून तोडून माळ्यावर वाढविलेली असतात. तीच पुढे त्याची फौज होते.

आणि शेवटी त्या नेपोलियनची अवस्था काय? रात्री त्याच्या पलंगाच्या चार कोपऱ्यांना चार कुत्री पहारा देतात. अन्न त्याच्या पुढे येण्याआधी एका तरुण डुकराला ते चाखून पाहावे लागते. साऱ्या शेताचा धनी झालेला हा प्राणी एक घास निर्धास्तपणे गिळू शकत नाही. सिद्धर्षींच्या निष्पुण्यकालाही समोर आलेल्या अन्नाचा असाच संशय आला होता. दोन लेखकांमध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर, भाषा, धर्म, देश सारे निराळे, चित्र एकच.

हे सर्व ऐकून समाधानाने टाळी वाजविणे सोपे आहे, कारण राजे, व्हाइसरॉय आणि रशियाचे हुकूमशहा हे सारे कोंढ्यापासून दूर आहेत. सत्ता मात्र तेवढी दूर नसते. ती ग्रामपंचायतीत असते, सोसायटीत असते, पेढीच्या गल्ल्याच्या चावीत असते, सुनेच्या हातात अजून न आलेल्या भांडारघराच्या चावीत असते. आणि धर्मसंस्थेच्या कपाटाच्या चावीतही असते. सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी हे बोलावे की नाही, असे कोणास वाटेल. पण पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेत हे बोलता येत नसेल तर ते कोठे बोलावे?

सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठी १९५० चा कायदा आहे. हिशेब तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलल्याची नोंद धर्मादाय कार्यालयात करावी लागते. पैशाच्या लोभाला हा कायदा पुरेसा आहे, आणि धर्मसंस्थांत काम करणारे बहुसंख्य लोक पैशाच्या बाबतीत निर्मळ असतात. उलट घरचेच घालतात. कायद्याच्या वहीत न येणारा लोभ निराळा आहे. तो पाटीवरील नावाचा आहे, चढाव्याच्या वेळी पहिल्या रांगेतील खुर्चीचा आहे, माझ्यावाचून हे चालणार नाही या वाक्याचा आहे. 'मोहराजपराजय'मध्ये कीर्तिमंजरी नावाची राजाची पत्नी आहे. राजा मुनींच्या उपदेशाकडे वळला म्हणून ती रुष्ट होते आणि मोहाच्या पक्षाकडे जाते. कीर्ती रुसली की कोणाच्या आश्रयाला जाते, हे यशःपालाला ठाऊक होते.

कीर्तीच्या लोभाशेजारी स्थानांगातील ते अश्लोकभय येऊन बसते. वीस वर्षे चोख काम केलेला मनुष्य खुर्ची सोडायला तयार होत नाही, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, की नवा येणारा जुनी दप्तरे उघडील आणि एखादी बारीकशी चूक दाखवील. अफरातफर नसते, चूक असते. ती कबूल करण्यास पाच मिनिटे लागली असती. त्याऐवजी तो प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला उद्धट ठरवितो, दुसऱ्याला संस्थेचा द्रोही ठरवितो, तिसरा येईनासा होतो. मग सभेला माणसे कमी येतात, आणि तरुणांना धर्माची गोडी राहिली नाही अशी तक्रार त्याच व्यासपीठावरून होते. सभेत बसलेले इतर जाणतात, आणि गप्प राहतात. कुबेराच्या घराची वर्दी देणारे ते व्यापारीही वाईट नव्हते.

निष्पुण्यकाची गोष्ट अर्धी सांगून सोडली होती. धर्मबोधकराच्या आग्रहाने तो थोडे चांगले अन्न खातो, त्याला बरे वाटू लागते, पण जुने भांडे तो सोडीत नाही. एका हाती पथ्य आणि दुसऱ्या हाती नासके अन्न, असे त्याचे बराच काळ चालते. थोडे बरे वाटते, पुन्हा रोग उसळतो. धर्मबोधकर ते भांडे त्याच्या हातून हिसकावून घेत नाही. सद्बुद्धी नावाची परिचारिका तेवढी त्याच्याजवळ ठेवतो. फार दिवसांनी, कोणीही न सांगता, तो स्वतःच ते अन्न टाकून देतो आणि भांडे धुऊन काढतो. लोक त्याला सपुण्यक म्हणू लागतात.

मग त्याला वाटते, आपल्याला मिळालेले हे अन्न इतरांनाही द्यावे. तो वाट पाहतो. कोणी मागायला येत नाही, कारण कालचा भिकारी सर्वांच्या ध्यानात असतो. त्याच्या हातून कोण घेणार? तेव्हा तो सद्बुद्धीचा सल्ला घेतो. एका मोठ्या लाकडी पात्रात ते अन्न भरून ते पात्र राजप्रासादाच्या अंगणात लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवतो, आणि बाजूला होतो. ज्याला हवे असेल त्याने यावे आणि घ्यावे.